पापणीची फाइल

९ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात वळला नाही. लहानपणी दर गोष्टीत मुद्दे काढायचास म्हणून बाबांनी तुला हे नाव ठेवलं होतं, तेच आज बरं वाटतं. तुझा नंबर मी तीन वर्षांपूर्वीच फोनमधून काढून टाकला. पत्ता मात्र पाठ आहे, त्याला इलाज नाही.

शुक्रवारी आपल्या धाकटीला तुमच्या विमा कंपनीचं पत्र आलं. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, म्हणून ती ते घेऊन थेट माझ्या हॉस्पिटलात आली आणि बिलिंगच्या खिडकीशी उभी राहून सगळ्यांसमोर रडली. मी पत्र वाचलं. 'सदर उपचार सौंदर्यवर्धक स्वरूपाचा असल्याने पॉलिसीच्या कक्षेत येत नाही.' खाली तपासनीसाचं नाव होतं. तुझं.

सौंदर्यवर्धक म्हणे. तुझी भाची मुंगी साडेचार वर्षांची आहे रे. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती. तिची डावी पापणी जन्मापासून पडलेली आहे हे तुला माहीत आहे. तेव्हा आपण सगळेच म्हणत होतो की मोठी झाली की उघडेल. ती उघडली नाही, उलट आणखी खाली आली. आता समोरचं बघायचं तर ती हनुवटी वर करते आणि पापणीखालच्या फटीतून बघते. शाळेतल्या बाईंनी धाकटीला बोलावून सांगितलं की तुमची मुलगी फार तोऱ्यात असते.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, ते तुला सांगते, कारण तुझ्या फाइलीत ते आलं नसेल. डोळा आतून ठणठणीत आहे. पण तो झाकलेला राहिला की मेंदू त्या डोळ्याने बघणं सोडून देतो, आणि एकदा पुरतं सोडलं की पापणी उचलूनही उपयोग होत नाही. 'जानेवारीत करून घ्या,' त्या म्हणाल्या, 'फार तर फेब्रुवारीत.' आज नऊ तारीख आहे.

धाकटीचा नवरा कुरियरची गाडी चालवतो. हे ऑपरेशन खिशातून करायचं तर त्याचा वर्षभराचा पगार जाईल. कंपनीचा विमा आहे म्हणून ही माणसं निर्धास्त होती. तू बसल्या जागी एक बटण दाबलंस. आता दुसरं दाब, आणि ती फाइल परत उघड. मला तुझं उत्तर नको, मंजुरीचं पत्र हवं.

ताई

२० फेब्रुवारी

वकीलसाहेब,

मिळालं तुझं पत्र. कंपनीच्या कागदावर, जावक क्रमांक घालून. 'विमाधारक माझ्या नात्यातील असल्याचे निदर्शनास आल्याने मी हे प्रकरण हाताळू शकत नाही. कृपया अपील विभागाकडे अर्ज करावा.' बहिणीला जावक क्रमांक घालणारा तू पहिलाच असशील. निदर्शनास आलं म्हणतोस. भाची आहे हे तुला कोणी निदर्शनास आणून द्यावं लागतं का?

अर्ज केला आहे. डॉक्टर बाईंची चिठ्ठीही जोडली आहे. पण तुमचा अपील विभाग किती दिवस घेतो ते मला तू नको सांगूस, मी या धंद्यात बावीस वर्षं आहे.

आणि धंद्याचंच म्हणशील तर एक आठवण करून देते. आपण दोघं एकाच टेबलावर हे काम शिकलो. प्रत्येक रोगाला आणि उपचाराला एकेक नंबर असलेलं ते जाडजूड कोडचं पुस्तक मधे, तू एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि आई मटार सोलत आपल्याला रोगांची नावं विचारायची. आत्या घरी आली की ती जे जे दुखतंय म्हणायची त्याला तू टेबलाखाली बोटांवर नंबर द्यायचास, आणि मी हसू दाबता दाबता पाणी आणायला उठायचे. मग अठरा वर्षं एकाच हॉस्पिटलात, शेजारी शेजारी खुर्च्या. डॉक्टरांचं अक्षर तू वाचायचास, नंबर मी लावायचे.

नंतर तू पलीकडे, विमा कंपनीत गेलास. जा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण सहा महिन्यांत तुमचे लोक आमच्याकडे तपासणीला आले आणि नेमक्या त्याच फाइली मागू लागले. कोणत्या कोडवर मंजुरी बिनबोभाट मिळते, कोणता लावला की कागद मागत नाहीत, हे आमच्या डब्याच्या वेळेचं बोलणं तू जसंच्या तसं पलीकडे नेलं होतंस. माझ्या हाताखालच्या तिघी एका दुपारी कायमच्या घरी गेल्या. एकीचं बाळ सहा महिन्यांचं होतं. त्या दिवसापासून तू माझ्यासाठी संपलास. आज लिहिते आहे ते मुंगीसाठी. तुझ्यासाठी नाही.

ताई

४ मार्च

वकीलसाहेब,

अपील परत आलं. या खेपेला कारण वेगळं. 'रुग्णालयाने पाठवलेला कोड व डॉक्टरांची टिप्पणी यांत विसंगती.'

हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पापणीवर दोन तऱ्हेची ऑपरेशनं होतात हे तुला मी सांगायला नको. एकात वरची लोंबणारी कातडी कापून टाकतात. म्हाताऱ्या माणसांना करतात, आणि चेहरा तरुण दिसावा म्हणून हौशी लोक करून घेतात. दुसऱ्यात पापणी उचलणारा स्नायू आखूड करतात, म्हणजे डोळा उघडतो. मुंगीला दुसरं हवं आहे. आमच्याकडून पहिल्याचा कोड गेला.

कॉम्प्युटरवर बघितलं तर नोंद रेकॉर्डवाल्या काकांच्या नावावर आहे. तू त्यांना ओळखतोस. तीस वर्षं तळघरात फाइली लावत होते. कागद बंद झाले तेव्हा त्यांना वर आमच्या विभागात आणून बसवलं. एका बोटाने टाइप करतात. चहाला गेले की कॉम्प्युटर उघडाच ठेवून जातात, कितीदा सांगितलं तरी. चार महिन्यांत निवृत्त व्हायचे आहेत. काल त्यांना लेखी नोटीस मिळाली. 'मी ही फाइल पाहिलीच नाही हो,' एवढंच ते मला म्हणाले आणि नोटिशीची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

माणूस चुकतो. एका चुकीसाठी मुलीचा डोळा पणाला लावायचा का? आमच्याकडून कोड बदलून पाठवायचा तर चूक कशी झाली याचं लेखी स्पष्टीकरण लागतं, कोणाची ते नावासकट लागतं, आणि मग चौकशी. त्यात महिना जातो. तुझ्या बाजूने तो कोड गुपचूप दुरुस्त करता येतो हे मला माहीत आहे. तू अपील विभागातल्या कोणाला तरी सांग. जन्मात एकदा वाकडी वाट धर.

मुंगी हल्ली डावीकडच्या दारांना धडकते. धाकटीने दारांच्या कडांना कापड गुंडाळलं आहे.

ताई

१२ मार्च

वकील,

परवा तू धाकटीच्या फोनवर फोन केलास आणि तिने तो तसाच माझ्या हातात दिला. तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि तू काय विचारावंस?

"ताई, कोड तूच घातलास ना?"

मी म्हटलं, काकांच्या लॉगिनवरून गेलाय.

"लॉगिन कुणाचं ते नाही विचारलं. काकांना ती चोरवाट माहीतच नाही. ती तुला माहीत आहे."

मग मी तुला विचारलं की नकाराचं बटण दाबताना मुंगीचं नाव वाचलं नव्हतंस का.

"वाचलं होतं," तू म्हणालास. "वाटलं, तू परत तेच चालू केलंस. म्हटलं एकदा नकार जाऊ दे, म्हणजे तुला कळेल."

मला कळेल. दोन दिवस झाले, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मला धडा शिकवायला तू साडेचार वर्षांच्या पोरीची फाइल वापरलीस. नाव वाचलंस, वय वाचलंस, कोड चुकला आहे हेही ओळखलंस, आणि फोन उचलला नाहीस. माझा नंबर तर तुझ्याकडे होता. तो तू काढून टाकला नव्हतास, हेही तूच सांगितलंस. मग कशाला ठेवला होतास? शोभेला? एवढा मोठा अधिकारी, आणि एका मिनिटाच्या फोनला महाग झालास. मला तुझा इतका राग आला आहे की हे लिहिताना दोनदा कागद फाटला.

आता माझं ऐक, कारण हे मी अजून धाकटीलाही सांगितलेलं नाही.

कोड मीच घातला. नात्यातल्या माणसाची फाइल आपण हाताळायची नाही असा आमचाही नियम आहे, म्हणून काका चहाला गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर बसून घातला. स्नायूचा कोड लावला की तुम्ही नजरेची चाचणी मागता, यंत्रात हनुवटी टेकवून, ठिपका दिसला की बटण दाबायचं ती. मुंगीला दोनदा बसवलं. तिने दोन्ही वेळा न थांबता बटण दाबलं, कारण तिला ते वाजलेलं आवडलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, एवढ्या लहान मुलांची ही चाचणी होतच नाही, विमावाल्यांना समजावून लिहावं लागेल. मला दिसलं की आता पत्रापत्रीत तीन महिने जाणार. कातडीचं ऑपरेशन तुमच्या एका दिवसात घरी सोडण्याच्या यादीत होतं, तुमचा कॉम्प्युटर ते परस्पर मंजूर करायचा. मी ते कितीदा केलेलं होतं. वाटलं, एकदा मंजुरी मिळाली की डॉक्टर टेबलावर योग्य तेच करतील. मी तिचे महिने वाचवायला निघाले होते.

तू फोनवर शेवटी विचारलंस की ताई, परिपत्रक नाही का वाचलंस. मी फोन धाकटीला परत दिला. नव्हतं वाचलं. तुमच्या कंपनीची परिपत्रकं आली आणि खाली तुझी सही दिसली की मी ती न उघडता खालच्या खणात टाकते. तीन वर्षं टाकते आहे. आमच्या विभागात नवे नियम वाचून सगळ्यांना सांगणं हे माझं काम, आणि मी तुझ्या अक्षराचा विटाळ धरून बसले.

काल सगळी बाहेर काढली. चाळीस निघाली. तू म्हणालास ते दीड वर्षापूर्वीचं आहे. पहिल्या कलमात तू ती चोरवाट बंद केली आहेस, कातडीचा कोड आला की सौंदर्यवर्धक समजावं. आणि दुसऱ्या कलमात लिहिलं आहेस की सहा वर्षांखालील मुलांना नजरेच्या चाचणीची गरज नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि चेहऱ्याचे दोन फोटो पुरेत, एक समोरून, एक बाजूने.

दोन फोटो. माझ्या फोनमध्ये मुंगीचे तीनशे तरी असतील.

ते वाचून मी विभागात सगळ्यांदेखत खाली बसले. रेकॉर्डवाले काकाच पाणी घेऊन आले.

त्या तिघींबद्दलही सांगून टाकते. त्यांना ती चोरवाट मी शिकवली होती. तपासणी आली तेव्हा मला वर बोलावून विचारलं आणि मी म्हटलं मला कल्पना नाही. तू माझं नाव दिलं नव्हतंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर तुझा जास्त राग आला. तू माझं नाव घेतलं असतंस तर मी तुला मोकळेपणी शिव्या दिल्या असत्या आणि रात्री झोपले असते.

आज सकाळी मी व्यवस्थापनाला लेखी दिलं आहे. कोड मी घातला, काकांच्या नावावर घातला, मुद्दाम घातला. त्यांची नोटीस मागे घ्या. सोबत बरोबर कोड, चिठ्ठी आणि दोन फोटो. प्रत जोडते आहे. जावक क्रमांक नाही, माफ कर.

आणि तुझ्या त्या वाक्याला माझ्याकडून माफी नाही.

ताई

२७ मार्च

वकील,

मंजुरी तीन दिवसांत आली. फक्त तीन दिवसांत. ऑपरेशन दोन एप्रिलला आहे.

मला कामावरून थांबवलं आहे. चौकशी होईपर्यंत असं कागदावर आहे, पण आमच्या विभागाच्या हेडबाईंनी माझं ओळखपत्र मागून घेतलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यावरून काय ते समजले. बावीस वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं.

रेकॉर्डवाले काका फाटकापर्यंत पोचवायला आले. मला वाटलं काही चांगलं बोलतील, माझी नोकरी त्यांच्यासाठी गेली ना. ते म्हणाले, "बाई, माझ्या खुर्चीवर बसून केलंत. निदान मला सांगायचं तरी. मी नऊ दिवस घरी तोंड दाखवलं नाही." मी मान खाली घालून रिक्षात बसले. बरोबर बोलले ते.

धाकटीला सगळं सांगितलं आहे. तुझंही आणि माझंही. ती ओरडली नाही. तिने मुंगीचा डबा भरला, तिला शाळेत सोडलं, परत आली आणि मला म्हणाली, "तुम्ही दोघांनी आपापसात काय ते करायचं होतं. माझी मुलगी मधे कशाला घेतलीत?" मग माझ्यासमोर चहा ठेवला आणि आत गेली. तो मी प्यायले नाही. तू फोन केलास तर ती उचलणार नाही. मी विचारून बघितलं.

ताई

५ मे

वकील,

पापणी उघडली आहे. टाके निघाले, सूज उतरली, आणि आरशात बघून मुंगी म्हणाली की आता मला दोन डोळे आले. सुट्टी लागण्याआधी शाळेत ती हनुवटी खाली ठेवून चालायला लागली होती. बाईंना तोरा कमी झाल्यासारखा वाटला असेल.

डॉक्टर बाई म्हणाल्या, पापणीचं काम झालं, आता डोळ्याचं. चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी चिकटवायची, म्हणजे मेंदूला झक मारत दुसऱ्या डोळ्याने बघावं लागेल. वर्षभर, कदाचित जास्त. किती नजर येईल असं मी विचारलं. "जानेवारीत आली असती तर मी तुम्हाला छातीठोक सांगितलं असतं," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेशंट बोलावला. हा टोमणा नव्हता. त्यांना काही माहीत नाही. तुला मात्र माहीत आहे, म्हणून लिहिते आहे.

धाकटी कामावर जाते. मला आता वेळच वेळ आहे, म्हणून पट्टी मी लावते. मुंगी हातपाय झाडते, ओरबाडते, मला वाईट मावशी म्हणते. मग दमते आणि जमिनीवर बसते. तिला कळलं आहे की मी ऐकणार नाही.

काल अशीच बसली होती. मी तिच्यासमोर, मधे लाकडी ठोकळे. मी पाठ खिडकीकडे करून बसले होते आणि काही कारणाने थोडा वेळ हलले नाही, बोलले नाही. मुंगीने हातातला ठोकळा खाली ठेवला. दाराकडे मान वळवली, मग माझ्याकडे, मग परत दाराकडे.

"मावशी," ती म्हणाली, "तू गेलीस?"

मी तिच्यासमोर होते रे. हात पुढे केला असता तर तिच्या गुडघ्याला लागला असता इतकी जवळ. तिने पुन्हा विचारलं, या वेळी जरा घाबरून, आणि तेव्हा कुठे मी म्हटलं की इथेच आहे.

हे पत्र तुला शिव्या द्यायला घेतलं होतं. त्या सगळ्या तयार आहेत, तीन महिन्यांत मी बऱ्याच साठवल्या आहेत, आणि निम्म्या मलाही लागू होतात. पण त्या कागदावर घालून पाठवण्यात अर्थ नाही. रविवारी धाकटीला सुट्टी असते, ती दार उघडणार नाही. तू सोमवारी ये. सकाळी दहाला पट्टी लावायची असते. सोमवारी ती तू लाव, तिचे हात तू धर, आणि मग तिच्यासमोर जमिनीवर बस. ती तुला ओळखत नाही. थोड्या वेळाने ती विचारेल, इथे कोण आहे.

उत्तर तू दे.

ताई